तुमचं नऊ मिनिटांचं इंग्रजी

प्रिय अप्पा,

तुम्ही जाऊन सव्वा वर्ष झालं आणि पत्र मात्र आज लिहितेय. ऑफिसची बस घोडबंदर रोडवर पाऊण तास एकाच जागी उभी आहे. पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडलाय म्हणे. रस्त्याच्या मध्ये कुणाला उतरू द्यायचं नाही असा कंपनीचा नियम, आणि खिडक्या एसी बसच्या, उघडायची सोयच नाही. ट्रेनिंगच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली.

आज दुपारी मी तुमचा आवाज ऐकला. पूर्ण नऊ मिनिटं. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नाही, का ते पुढे लिहिते. म्हणून तुम्हालाच सांगतेय.

खरं तर इंग्रजीत लिहायला हवं होतं, तुम्हाला आवडलं असतं. पण हल्ली इंग्रजी लिहायला घेतलं की माझ्यातली मॅडम जागी होते आणि प्रत्येक वाक्याला आधी ओळखपत्र दाखवायला लावते. मराठीत निदान मोकळं बसता येतं.

तुमचा क्लास आठवतो का, अप्पा? काय विचारतेय मीही. डोंबिवलीच्या आपल्या बाहेरच्या खोलीत एकतीस वर्षं चालला तो. जमिनीवर सतरंजी, भिंतीला फळा, आणि मराठी शाळांमधली पोरं, जी इंग्रजीचा तास म्हटला की शाळा बुडवायची. आई स्वयंपाकघरातून फोडणी द्यायची आणि अर्धा वर्ग शिंकायचा.

तुमची पद्धत मी नंतर कुठेच पाहिली नाही. तुम्ही सांगायचात की प्रत्येक इंग्रजी शब्दाला दोन नावं असतात. एक पाळण्यातलं आणि एक हाकेचं. पाळण्यातलं नाव वेडनेसडे, हाकेचं वेन्सडे. पाळण्यातलं कनाइफ, हाकेचं नाइफ. इसलँड आणि आयलंड. कोलोनेल आणि कर्नल, त्यावर तर पोरं हटकून हसायची आणि तुम्ही म्हणायचात, "आपल्या गण्याचं नाव बारशाला प्रभाकर ठेवलेलं, त्याचं काय करता?" मग सगळी पोरं एका सुरात दोन्ही नावं म्हणायची. लिहिताना पाळण्यातलं आठवायचं, बोलताना हाकेचं. एवढ्या एका युक्तीवर तुमची किती मुलं दहावीला इंग्रजीत तरली.

एकच अडचण होती. काही शब्दांची हाकेची नावं तुम्ही कधी ऐकलीच नव्हती. तुम्ही सगळं पुस्तकातून उचललेलं, कोकणातल्या शाळेत, जिथे इंग्रजी बोलणारं माणूस तालुक्याला गेल्याशिवाय दिसायचं नाही. मग अशा शब्दांना तुम्ही एकच नाव ठेवायचात. व्हेजिटेबल लिहायचं आणि व्हेजिटेबलच म्हणायचं, शेवटी अगदी टेबल मांडून. कम्फर्टेबलही तसंच. मला पंचविशीपर्यंत त्यात काही खटकलं नाही.

लग्न होऊन मी वर्तकनगरला आले आणि आपला रविवारचा फोन सुरू झाला. सकाळी साडेनऊला तुमचा फोन आणि पहिली दहा मिनिटं फक्त इंग्रजी. "गुड मॉर्निंग मीनल. हाऊ इज युवर गुड हेल्थ?" मी म्हणायची, हेल्थला गुड आधीच लावलंत तर मी सांगू काय? तुम्ही म्हणायचात, समोरच्याची तब्येत चांगलीच आहे असं धरून चालावं, त्यात सभ्यता असते. मग आईची पाळी, मराठीत, भाजीपासून भिशीपर्यंत.

मग माझ्या कॉल सेंटरमध्ये मला ट्रेनर केलं. म्हणजे कस्टमर केअरचे फोन घ्यायला जी नवीन मुलं येतात, त्यांचे उच्चार मी सरळ करायचे. माझ्याकडे एक छापील कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं की कुठल्या भाषेचा माणूस कुठे अडकतो. उत्तरेकडचा स्कूलला इस्कूल करतो, बंगाली माणूस व्ही असेल तिथे भ आणतो, दक्षिणेकडचा एम आणि एनच्या आधी य लावतो. आपल्या मराठी माणसाच्या नावापुढे सात ओळी आहेत, अप्पा. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा वाटलं, कुणीतरी आपल्या बाहेरच्या खोलीत बसून हे लिहून घेतलंय.

त्या वर्षीची दिवाळी तुम्हाला आठवत असेलच. मी भाऊबिजेला आले होते आणि तुम्ही सुट्टीतही सात-आठ मुलांना घेऊन बसला होतात. फळ्यावर भाज्यांचा धडा होता. मी दाराला टेकून ऐकत होते, नव्या पदाची हवा अजून अंगात होती. तुम्ही व्हेजिटेबल म्हणालात, मुलं म्हणाली, आणि मी मध्येच बोलले.

"अप्पा, असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे कुणी असं बोललं तर लोक हसतात."

पुढच्या रांगेतली एक मुलगी खुदकन हसली. तुम्ही खडू खाली ठेवलात, हात पुसलेत, म्हणालात, "बरं. मग तू सांग." आणि मी सांगितलं. फळ्यासमोर उभी राहून व्हेज्टबल तीनदा म्हटलं, मुलांकडून म्हणवून घेतलं. तुम्ही सतरंजीच्या कडेला उभे होतात. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलला नाहीत. मला हे लगेच कळलंही नाही. रविवारचा फोन यायचा, मी हॅलो म्हणायची, थोडी खुडबुड व्हायची आणि आईचा आवाज यायचा. मी म्हटलं, फोन जुना झालाय तुमचा. नवा घेऊनही दिला. नव्या फोनवरही तीच खुडबुड. अप्पांचं वय झालं, कान गेले असतील, असं मी नवऱ्याला सांगितल्याचं मला चांगलं आठवतं. तुमचे कान शाबूत होते. फक्त मी ऐकायला असेन तिथे तुम्हाला बोलायचं नव्हतं, हो ना?

तुम्ही रागावला का नाहीत माझ्यावर? एकदा तरी म्हणायचं होतं, शहाणी झालीस का फार. मी भांडले असते आणि विषय संपला असता. तुमचा तो समजूतदारपणा मला आजतागायत पचलेला नाही.

आता पुढचं. तुम्ही गेल्यावर सात-आठ महिन्यांनी आमच्या ट्रेनिंगच्या फायलींमध्ये नवे कॉल आले. फोन लावल्यावर सुरुवातीला सांगतात ना, तुमचा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो? तो खरंच केला जातो. त्यातले निवडक कॉल कापून आम्ही वर्गात ऐकवतो. तिसऱ्या दिवशीचा विषय असतो, बोलणं समजायला अवघड असलेले ग्राहक. मी कॉल क्रमांक सतरा लावला. "गुड मॉर्निंग मॅडम," असं कुणीतरी म्हणालं आणि माझा हात माऊसवरच राहिला.

कॉलमधली नावं, पत्ते आम्ही काढून टाकतो, तिथे टीं असा आवाज भरतो. तुम्ही नाव सांगितलंत, टीं. डोंबिवली सांगितलंत, टीं. बाकी सगळं तुमचं. "धिस इज रिगार्डिंग माय रेफ्रिजरेटर. इट इज फंक्शनिंग सॅटिस्फॅक्टरिली." फोन घेणारी मुलगी गोंधळली, तक्रार काय आहे म्हणून विचारू लागली. तुम्ही सांगितलंत, तक्रार नाही, सगळं ठीक चाललंय. मग तुम्ही व्हेजिटेबल ट्रेबद्दल बोललात. थांबलात. "पार्डन मी," म्हणालात, आणि शब्द पुन्हा घेतलात, मी शिकवला होता तसा, तोंड वाकडं करून म्हटल्यासारखा, जपून. तिथेच कॉल तोडलाय. दोन मिनिटं दहा सेकंद.

वर्ग खो खो हसला. दर बॅचला तिथेच हसतात. स्लाइडवर खाली प्रश्न असतो, ग्राहकाला काय हवं होतं? आणि छापील उत्तर असतं, स्पष्ट नाही.

आपला फ्रिज ज्या कंपनीचा, तिचे फोन आमच्या मजल्यावर येतात, हे तुम्हाला मीच सांगितलेलं. मी फोन उचलत नाही, नुसती शिकवते, हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच तिथे केलात का, अप्पा? मी सापडणार नाही अशी खात्री होती म्हणून?

तुम्ही म्हणाल, काढून का टाकला नाहीस तो कॉल? प्रयत्न केला. त्यासाठी फॉर्म असतो, कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, आवाज अस्पष्ट आहे. वरून उत्तर आलं, आवाज अत्यंत स्पष्ट आहे, कॉल चालू ठेवावा. तुमच्या इंग्रजीला आयुष्यात मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट असेल. मी ते वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि खरं कारण लिहिता येत नाही. फोन करणारा कोण आहे हे कळलं तरी कुणालाही सांगायचं नाही, वर्गातही नाही, घरातही नाही. सांगितलं की त्याच दिवशी कामावरून काढतात. हा नियम पहिल्या दिवशी मीच शिकवते, हातात पॉइंटर घेऊन. मग मी काय करायचं? दर दोन महिन्यांनी नवी बॅच, तिसरा दिवस, कॉल सतरा. मी तुम्हाला लावते, लोक हसतात, मी पुढची स्लाइड घेते. चार बॅच झाल्या असं करत. तिसरा दिवस जवळ आला की मला जेवण जात नाही. रजा टाकून पाहिली तर दुसऱ्या ट्रेनरने लावला आणि जेवणाच्या टेबलावर तुमची नक्कल केली. तेव्हापासून रजाही टाकत नाही. मी लावला तर निदान नक्कल होत नाही.

आज पाचवी बॅच होती. त्यात शहाडची एक मुलगी आहे, अश्विनी. आठ वर्षं घरी होती, आता मुलगा शाळेत जायला लागला म्हणून नोकरीला आलीय. कॉल संपला, सगळे हसले, ती हसली नाही. हात वर केला.

"मॅडम, पण त्या काकांना पाहिजे काय होतं?"

"स्पष्ट नाही," मी वाचून दाखवलं.

"असं कसं? एवढं नीट बोलतायत ते. फ्रिज चांगलाय म्हणून सांगायला कोण कशाला फोन करेल? पुढे काय बोलले ते नाहीये का?"

"मूळ कॉल मोठा असतो. आपण भाग घेतो."

"मग तुम्ही तो ऐकलाय का?"

नव्हता ऐकला. मूळ कॉल उघडायची मला परवानगी आहे, दोन बटणांचं काम. इतके महिने धीर झाला नव्हता. मी तिला म्हटलं, पुढचा मुद्दा घेऊ. ती माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या नापास होणाऱ्या मुलाकडे तुम्ही बघायचात तशी, काळजीने.

दुपारी मी काचेच्या खोलीत बसले, हेडफोन लावला आणि उघडला. तारीख बघितली, तुम्ही जायच्या आधी आठ महिने. वार गुरुवार.

ती मुलगी विचारते, मग सर, मी तुमच्यासाठी काय करू? आणि तुम्ही म्हणता, दुसरं कुणी खोळंबलं नसेल तर थोडा वेळ माझ्याशी बोला. आणि जिथे चुकेन तिथे मला सांगा. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे कुणी शिकवत नाही. तरी ती म्हणाली, ओके सर. अप्पा, कुठल्या कोण पोरीने तुम्हाला सात मिनिटं दिली. तुम्ही तिला पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव समजावून सांगितलंत, ती मनापासून हसली. हवेबद्दल बोललात, आईच्या गुडघ्यांबद्दल बोललात. एकदा तिने तुमचा 'वर्ड'चा उच्चार दुरुस्त केला, तुम्ही थँक यू म्हणालात.

शेवटी तिने विचारलं की सर, तुम्ही हे कशासाठी करताय. तुम्ही म्हणालात, माझी मुलगी या क्षेत्रात ट्रेनर आहे, फार छान बोलते. "आय डू नॉट वॉन्ट टु एम्बॅरस हर." आधी तयारी करतो, मग तिच्याशी बोलतो. ती म्हणाली, सर, मला तुमचं सगळं समजलं, आत्ताच करा तिला फोन. तुम्ही म्हणालात, "ऑन संडे."

मी ती तारीख घेऊन बसले. त्यानंतरचा रविवार. तुम्ही फोन केलात का हो? मी काय म्हणाले? घाईत होते का, कुठे निघाले होते का? मला काहीच आठवत नाही. दुसऱ्यांचे हजारो कॉल आमच्याकडे जपून ठेवलेत, आणि तो एक कुठेही नाही.

मघाशी बसमधून आईला फोन केला. कॉलचं काही बोलले नाही. नुसतं विचारलं, "आई, अप्पा फ्रिजच्या कंपनीला फोन करायचे का गं?"

"करायचे की. फ्रिज नवाकोरा आणि यांचा दर आठवड्याला फोन. मी म्हटलं, अहो, ती माणसं वैतागतील. तर म्हणे, फार चांगली मुलं आहेत, ऐकून घेतात."

"आणि रविवारी माझ्याशी बोलायचं असं कधी म्हणालेले?"

"कधी म्हणजे? दर रविवारी दाढी करून, कागदावर वाक्यं लिहून बसायचे. नंबर स्वतः लावायचे. तुझा हॅलो आला की फोन माझ्या हातात. मी खुणेने म्हणायची, बोला ना. तर मान हलवायचे. मी तुला सांगणार होते, पण म्हणाले, सांगू नकोस, पुढच्या वेळी बोलतो."

मी म्हटलं, आई, बस बोगद्यात शिरतेय, ठेवते. घोडबंदर रोडला बोगदा नाही हे तिलाही माहीत आहे.

माझा एक हॅलो ऐकून तुम्ही मागे सरायचात. मला तो हॅलो कसा म्हणायचा हे सहा आठवडे शिकवलं होतं, अप्पा. उबदार पण कामापुरता. घरी, बाजारात, सगळीकडे तो तसाच निघतो आता. माझी लेक म्हणते, "आई, ऑफिसच्या आवाजात बोलू नको ना." मला खरंच कळत नाही की दुसरा कुठला उरलाय.

बस दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. लिहून घेते.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. तुम्हालाही खोटंच लिहीत होते. पहिल्यांदा कॉल सतरा लावला तेव्हा तुमचा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला होता. तुम्ही पार्डन मी म्हणून तो शब्द जपून पुन्हा घेतलात, वर्ग हसला, वीस चेहरे माझ्याकडे वळले, आणि मीही हसले. ओळखून हसले. हसले नसते तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून. स्लाइड त्यानंतर बदलली.

उद्या चौथा दिवस आहे. दहा वाजता तीच मुलं बसतील. मी पूर्ण नऊ मिनिटं लावणार आहे, मध्ये कुठेही न थांबवता. मग अश्विनीच्या प्रश्नाचं उत्तर देईन. या गृहस्थांना काय हवं होतं ते सांगेन, आणि हे माझे वडील आहेत, यांनी डोंबिवलीत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हेही सांगेन. तुमचं नाव पूर्ण घेईन. त्यानंतर काय होतं ते मला पाठ आहे, मीच शिकवते. खाली जाऊन ओळखपत्र देईन आणि डोंबिवलीला आईकडे येईन, तिला सगळं सांगायला.

पण त्याआधी, त्या वर्गात, त्या मुलांसमोर, मी हसले होते हे सांगेन. वचन देते अप्पा, ते गाळणार नाही.

तुमची,
मीनल